सादळलेला कागद आणि चार प्रिंटर : शाळेच्या कार्यालयातल्या प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

मोठ्या सरांनी आज काम सोपवलं. जुलै संपायच्या आत शाळेतले चारही प्रिंटर चालते करायचे. शाळा उघडून आठवडा झाला आहे आणि कार्यालयाच्या खिडकीशी दाखल्यांची, बोनाफाइडची रांग आहे. वरच्या वाडीतले एक पालक सकाळी पहिल्या एसटीने आले आणि दुपारी एकच्या गाडीने दाखल्याशिवाय परत गेले. त्यांची ही दुसरी खेप होती. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला "प्रिंटर बंद आहे" एवढंच सांगायचं, हे मला बघवलं नाही. म्हणून ही वही.

आधी मोजदाद. प्र-१ म्हणजे कार्यालयातला काळा-पांढरा लेझर. तो मॅडमच्या संगणकाला यूएसबी केबलने जोडला आहे, शेजारच्या दुसऱ्या संगणकाला तिथून शेअर करून दिला आहे. प्र-२ शिक्षक खोलीत, वाय-फायवरचा, झेरॉक्स आणि स्कॅनसकट. प्र-३ मोठ्या सरांच्या टेबलावरचा शाईच्या टाकीचा. प्र-४ संगणक कक्षातला जुना लेझर, दोन वर्षं कापडाखाली झाकलेला.

मागच्या पावसाळ्यात एकाच दुपारी आम्ही केबल बदलली, ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) नवा टाकला, कागदही बदलला. प्रिंटर सुरू झाला आणि सगळे खूश झाले. दहा दिवसांनी तो पुन्हा अडला, तेव्हा आधी नेमकं कशाने सुटलं होतं हे कोणालाच सांगता येईना. यंदा एका वेळी एकच गोष्ट बदलणार, आणि बदलली की इथे लिहिणार.

सुरुवात संगणकाला हात न लावता केली. प्रत्येक प्रिंटरवर त्याचं स्वतःचं माहितीपान काढलं. बटण दाबून धरलं की बहुतेक प्रिंटर हे पान आपले आपण छापतात, त्याला केबलही लागत नाही. हे पान स्वच्छ आलं तर कागद ओढणं आणि छापणं ठीक आहे, दोष केबलमध्ये, पत्त्यात किंवा ड्रायव्हरमध्ये शोधायचा. तेही अडकलं तर संगणकावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

निकाल : प्र-२, प्र-३ आणि प्र-४ यांची पानं स्वच्छ. प्र-१ने पान छापलं, पण एकाच्या जागी तीन कागद ओढले आणि मध्येच अडकला. म्हणजे ज्या तिघांना आम्ही "खराब" म्हणत होतो ते अंगाने धडधाकट आहेत.

२५ जून, मंगळवार

प्र-१. सगळ्यांचं एकमत की रोलर गेला. माझंही तेच मत होतं.

ट्रे बाहेर काढला. कागद मार्गदर्शक खुणेच्या वरपर्यंत ठासून भरलेला, कडेच्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या नाहीत. या दोन चुका लगेच दुरुस्त केल्या : कागद खुणेच्या खाली, पट्ट्या कागदाला अलगद टेकतील इतक्याच. पट्टी घट्ट दाबली तर कागद फुगतो, सैल सोडली तर तो तिरका जातो. परत दहा पानं दिली. सातवं पान अडकलं आणि दोनदा जोडीने कागद गेले. आधीपेक्षा बरं, पण दाखल्याला चालणार नाही.

कचऱ्यात टाकायला काढलेला कागद मामांच्या हातात होता. त्यांनी तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "सर, ह्याचा आवाजच गेलाय. पापड सादळतो तसा कागद सादळलाय." मीही हलवून बघितला. कोरडा कागद खडखडतो, हा नुसता लोंबला. कोपरा हाताला गार लागला आणि कडा लाटेसारख्या झाल्या होत्या.

आमच्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. प्रिंटरच्या कागदाला साधारण ४० ते ६० टक्के मानवते. रीमच्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो. ते फाडून कागद उघड्या कपाटात ठेवला की तो हवेतलं पाणी प्यायला लागतो. ओला कागद एकमेकांना चिकटतो, म्हणून दोन-तीन एकदम जातात. पुढे फ्यूझरमध्ये, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागात, १८० ते २०० अंशांच्या आसपास उष्णता असते. तिथे कागदातल्या पाण्याची वाफ होते, कागद वळतो, सुरकुततो आणि बाहेर पडायच्या तोंडाशी अडकतो. छपाई फिकी किंवा ठिपक्याठिपक्यांची येते तीही अनेकदा याच ओलीने, आणि आपण मात्र टोनर संपला म्हणून नवा मागवतो.

खात्री करून घ्यायची होती. पोषण आहाराच्या खोलीतला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. ए-४ कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर, कागद ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम), म्हणजे एक पान सुमारे ४.६८ ग्रॅम आणि शंभर पानं ४६८ ग्रॅम. नवी रीम फोडून लगेच शंभर पानं ठेवली : ४७०. ट्रेमधली शंभर पानं ठेवली : ४९०. काटा पाच-पाच ग्रॅमनेच दाखवतो, तरी फरक उघड आहे. शंभर पानांमागे जवळजवळ २० ग्रॅम पाणी.

नवी रीम ट्रेत घातली, दुसरं काहीही बदललं नाही. वीस पानं दिली. एकही अडकलं नाही, एकदा मात्र दोन कागद एकत्र गेले. म्हणजे मुख्य दोष कागदाचा, पण रोलरही पूर्ण निर्दोष नाही. तो उद्या.

(माझा विदर्भातला एक मित्र एप्रिल-मेमध्ये याच तक्रारीने हैराण असतो, कारण अगदी उलटं. तिथे हवा इतकी कोरडी की कागदात स्थिर वीज साठते आणि पानं एकमेकांना धरून बसतात. तो रीम चांगली फडफडवून मग ट्रेत घालतो. आमच्याकडे नुसतं फडफडवून भागत नाही.)

२६ जून, बुधवार

प्र-१ बंद केला, प्लग काढला आणि अर्धा तास थांबलो. ही अर्ध्या तासाची गोष्ट घाईत सगळे विसरतात. फ्यूझरला हात लागला तर चांगलंच भाजतं.

ट्रे काढल्यावर वरच्या बाजूला कागद उचलणारा रोलर दिसतो, करंगळीपेक्षा थोडा जाड, रबराचा. नवा रोलर मॅट असतो, बोटाला धरतो. हा चकाकत होता. टॉर्च धरली तेव्हा त्याच्यावर पिठासारखा पांढरा थर दिसला. ती कागदाची धूळ. चष्मा पुसायच्या कापडासारखं तंतू न सुटणारं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळलं आणि रोलर हाताने फिरवत पुसला. कापड राखाडी झालं. दुसरी बाजू घेतली, तीही राखाडी. तिसऱ्या खेपेला कापड स्वच्छ राहिलं आणि रोलरवरून बोट फिरवल्यावर ते अडकायला लागलं. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही वापरायचं नाही, रबर कडक होतं.

रोलरच्या समोर, खालून, एक छोटी पट्टी असते. रोलर कागद पुढे ढकलतो आणि ही पट्टी खालच्या कागदाला धरून ठेवते. दोन कागद एकदम जातात तेव्हा बहुतेक लोक रोलर बदलतात, पण बऱ्याचदा झिजलेली असते ती ही पट्टी. आमच्या पट्टीवर मधोमध गुळगुळीत खोलगट चर पडलाय, नखाला लागतो. पुसली, पण ही बदलावीच लागेल. चिपळूणच्या दुकानात फोन केला, मॉडेल क्रमांक सांगितला. रोलर आणि पट्टी जोडीनेच मागवली. एकत्र बदललं की दोघांची झीज बरोबरीने होते.

दुपारी नवीनच दुखणं. ट्रे रिकामा, आतही कागद नाही, तरी पडद्यावर "कागद अडकला आहे". मागचं दार उघडलं, टोनर बाहेर काढला, टॉर्च मारली. कागदाच्या वाटेवर काळ्या प्लास्टिकची एक छोटी जीभ असते. कागद आला की ती वळते आणि सेन्सरचा प्रकाशकिरण अडवते किंवा मोकळा करते. कागद पुढे गेला की स्प्रिंगने ती जागेवर येते. आमची जीभ अर्धीच परतली होती. तिच्या बुडाशी नखाएवढा कागदाचा कपटा, काल कोणीतरी अडकलेलं पान मागे ओढून काढताना फाटलेला. चिमट्याने काढला. जीभ टक्कन जागेवर आली आणि संदेश गेला.

मामांना आणि मॅडमना दाखवून ठेवलं : कागद अडकला की ज्या दिशेला तो जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू ओढायचा. बाहेर आल्यावर टेबलावर ठेवून चारही कोपरे बघायचे. कोपरा नसेल तर तो आत आहे.

२७ जून, गुरुवार

कागद कुठे ठेवायचा यावर मधल्या सुट्टीत चर्चा. कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावून ठेवायची सूचना आली. नको म्हटलं. कागदाने भरलेल्या कपाटात रात्रभर बल्ब जळत ठेवणं मला पटत नाही.

मामांनी घरून पापडाचा चौकोनी पत्र्याचा डबा आणला, घट्ट झाकणाचा, पंधरा किलो तेलाच्या डब्याच्या मापाचा. ए-४ची रीम त्यात उभी बसते, चार रीम मावतात. घट्ट बसल्या पाहिजेत, सैल राहिल्या तर कागद वाकतो. तळाशी निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. त्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळ्या करायच्या, ते काम मामांनी स्वतःकडे घेतलं. रीम फोडायची तीही अर्धी ट्रेत, अर्धी वेष्टनासकट डब्यात. शनिवारी घरी जाताना ट्रे रिकामा करायचा.

दाखल्याचे कोरे फॉर्मही त्याच डब्यात. त्यांच्यावर अनुक्रमांक छापलेला असतो. एक चुरगळला तरी फेकता येत नाही, "रद्द" लिहून, सही-शिक्का मारून फाइलला लावावा लागतो. गेल्या पंधरवड्यात असे नऊ रद्द झालेत.

२८ जून, शुक्रवार

प्र-२. तक्रार ठरलेली : "काल चालत होता, आज ऑफलाइन."

माहितीपानावर प्रिंटरचा आजचा नेटवर्क पत्ता : १९२.१६८.१.३७. शिक्षक खोलीतल्या संगणकावर प्रिंटर प्रॉपर्टीजमधला पोर्ट, म्हणजे छपाई कुठे पाठवायची ती नोंद, उघडली. तिथे १९२.१६८.१.२१. संगणक पत्र टाकतोय जुन्या घरी, आणि माणूस केव्हाच घर बदलून गेलाय.

कारण सरळ आहे. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. आमच्याकडे पावसात दिवसातून चारदा वीज जाते. राउटर परत सुरू झाला की जो आधी मागेल त्याला आधी पत्ता. प्रिंटर झोपेतून उशिरा उठतो, तोवर त्याचा जुना पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला गेलेला असतो. म्हणून "काल चालत होता".

उपाय राउटरमध्ये केला. प्रिंटरच्या माहितीपानावर त्याचा मॅक पत्ता असतो, तो यंत्राचा कायमचा. राउटरच्या पानावर जाऊन त्या मॅक पत्त्यासाठी १९२.१६८.१.२०१ राखून ठेवला. प्रिंटर बंद-चालू केला, नवं माहितीपान काढलं, २०१ आला. प्रिंटरमध्येच पत्ता पक्का लिहून टाकता येतो, पण मग राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन बसण्याचा धोका राहतो. राउटरमध्ये राखलेला बरा, सगळा हिशोब एका ठिकाणी राहतो. पत्ता पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून प्रिंटरच्या कडेला लावला.

माहितीपानावर पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर समजायचं की प्रिंटरला राउटर भेटलेलाच नाही. तेव्हा ड्रायव्हर परत परत टाकण्यात काही अर्थ नसतो, आधी वाय-फायचा पासवर्ड किंवा केबल बघायची.

१ जुलै, सोमवार

शिक्षक खोलीतला संगणक छापतोय. तीन लॅपटॉपवर अजून ऑफलाइन, तिघांची कारणं वेगवेगळी.

पहिल्यावर पोर्ट डब्ल्यूएसडी प्रकारचा होता. विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडला की पुष्कळदा हाच पोर्ट बनतो. जोडायला सोपा, पण झोपलेला प्रिंटर त्याला लवकर सापडत नाही. काढला, हाताने स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवून २०१ दिला. लगेच चालू.

दुसऱ्यावर पत्ता बरोबर, पिंग केलं (त्या पत्त्यावर हाक मारून बघितली) तर उत्तरही येतंय, तरी ऑफलाइन. पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस नावाची खूण होती. संगणक त्या वाटेने प्रिंटरची तब्येत विचारतो आणि उत्तर आलं नाही की त्याला ऑफलाइन ठरवतो, मग छपाईची वाट मोकळी असली तरी. खूण काढली, प्रिंटर जागा झाला. पिंगला उत्तर येत असताना ऑफलाइन दिसला की मी यापुढे आधी इथेच बघेन.

तिसरा लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर होता. त्यावर इंटरनेट मिळतं, पण शाळेतली इतर यंत्रं दिसत नाहीत, मुद्दाम तशी सोय असते. बाईंना मुख्य वाय-फायवर आणलं.

३ जुलै, बुधवार

सकाळपासून तीनदा वीज गेली. तिन्ही वेळा प्र-२ परत २०१ वरच आला.

प्र-३ पाच मिनिटांत झाला. सफाई करताना यूएसबी केबल दुसऱ्या भोकात गेली होती. विंडोजने त्याला नवा प्रिंटर समजून "कॉपी १" नावाने दुसरी नोंद केली, आणि सर मात्र जुन्या नावावर प्रिंट देत होते. जुनी नोंद काढली, नवीचं नाव बदलून ती डीफॉल्ट केली. "माझा डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा" ही खूण काढली, नाहीतर ते शेवटी वापरलेल्या प्रिंटरवर उडी मारत राहतं.

एक वायरिंगची गोष्ट : प्र-१ छोट्या यूपीएसवर लावलेला सापडला. फ्यूझर तापताना लेझर प्रिंटर एकदम खूप वीज ओढतो, छोटा यूपीएस त्याने बंद पडतो किंवा खराब होतो. प्र-१ थेट भिंतीच्या प्लगवर घेतला, यूपीएसवर फक्त संगणक आणि राउटर ठेवले.

६ जुलै, शनिवार

प्र-४. माहितीपान स्वच्छ येतं, पण संगणकावरून एक पानाचं पत्र दिलं तर चाळीस पानं निघाली. प्रत्येकावर एक-दोन ओळी अगम्य अक्षरं. पहिल्या पानाच्या डोक्यावर टक्केवारीचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पी-एस अशी दोन रोमन अक्षरं.

त्या दोन अक्षरांनीच उत्तर दिलं. ती पोस्टस्क्रिप्ट या छपाईभाषेची सलामी आहे. प्र-४ला पीसीएल ही भाषा कळते. कोणीतरी नावात साम्य बघून दुसऱ्याच मॉडेलचा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर टाकला होता. संगणकाने आज्ञा दिल्या, प्रिंटरने त्या आज्ञाच मजकूर समजून छापल्या.

नवा ड्रायव्हर टाकण्याआधी जुना मुळासकट काढावा लागतो. प्रिंटरचं चिन्ह डिलीट केलं तरी ड्रायव्हर संगणकात तसाच राहतो आणि पुढच्या वेळी विंडोज तोच उचलतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर्सचा टॅब आहे, तिथून पॅकेजसकट काढला. मग प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून अनेक मॉडेलांना चालणारा पीसीएल ६ ड्रायव्हर घेतला. पत्र एका पानात आलं.

हे सगळ्याच जुन्या प्रिंटरांना जमेल असं नाही. स्वस्तातले काही लेझर कुठलीच छपाईभाषा जाणत नाहीत, पानाचं पूर्ण चित्र संगणकाने बनवून द्यावं लागतं. त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे, म्हणजे ज्याचा ड्रायव्हर ३२ बिटवरच थांबला तो प्रिंटर तिथे चालत नाही.

मुलांनाही वर्गात सांगितलं : ड्रायव्हर शोधताना वर येणाऱ्या "मोफत ड्रायव्हर" वाल्या संकेतस्थळांवर जायचं नाही. तिथून ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काहीतरी संगणकात शिरतं. कक्षातल्या दोन संगणकांवर असं काहीतरी सापडलं, काढायला दीड तास गेला.

८ जुलै, सोमवार

प्र-२वर नारिंगी दिवा, काहीच छापत नाही. पुन्हा ऑफलाइन झाला म्हणून मला बोलावलं. पत्ता ठीक, पिंग ठीक. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर "लेटर कागद घाला" असं इंग्रजीत लिहिलं होतं, पण कोणी वाचलं नव्हतं.

लेटर हा अमेरिकेतला आकार, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-४ २१० बाय २९७. इंटरनेटवरून उतरवलेली बरीच प्रश्नपत्रिका-नमुन्यांची फाइल लेटरमध्ये असते. प्रिंटर त्या आकाराची वाट बघत थांबतो आणि मागची सगळी कामंही अडवतो. ड्रायव्हरमध्ये मूळ आकार ए-४ केला, ट्रेचा आकारही ए-४ सांगितला. निकालपत्रकांसाठी लीगल लागतो, त्यासाठी वेगळ्या नावाने दुसरी नोंद केली.

११ जुलै, गुरुवार

आजचा दिवस दाखल्यावर. माझ्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचं काम.

दाखल्याची फाइल फार जुनी, जुन्या मराठी फाँटमधली. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की रोमन अक्षरांचा ढीग. आजवर त्यालाही "प्रिंटर कचरा छापतो" असं म्हटलं जायचं. फाइल युनिकोडमध्ये नव्याने केली. आपोआप बदलून देणारं साधन वापरून बघितलं, पण त्यावर विसंबलो नाही. एका मुलाचं जन्मस्थळ "कऱ्हाड", साधनाने केलं "कर्हाड". रफार डोक्यावर जाऊन बसला. हा दोष छपाईचा नाही, अक्षर बदलण्याचा आहे, म्हणून पडद्यावरच दिसला.

दुसरा दोष मात्र खरोखर छपाईचा होता. पडद्यावर "श्रीकृष्ण" नीट, कागदावर वेलांटी सरकलेली आणि जोडाक्षर सुटलेलं. प्र-१चा ड्रायव्हर फाँट आपल्या पद्धतीने प्रिंटरकडे पाठवत होता. ड्रायव्हरच्या प्रगत सेटिंगमध्ये ट्रूटाइप फाँट चित्र म्हणून पाठवायचा पर्याय निवडला. वेलांटी जागेवर आली. दुसरी वाट म्हणजे फाइलची पीडीएफ करून "प्रिंट ॲज इमेज". थोडा वेळ जास्त लागतो, पण अक्षर हलत नाही.

मॅडम आणि मी दोघांनी मिळून जनरल रजिस्टरशी प्रत्येक नाव ताडून बघायचं ठरवलं. एक वाचणार, दुसरा कागदावर बोट ठेवणार. दाखल्यावरची एक वेलांटी चुकली तर मूल पुढे कॉलेज, आधार, पासपोर्ट अशा प्रत्येक खिडकीवर अडतं. त्यापुढे आमची दहा मिनिटं काहीच नाहीत.

१५ जुलै, सोमवार

कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावरून प्र-१ला जोडताना त्रुटी येते, शेवटी ११बी. शेअर केलेल्या प्रिंटरांना ही त्रुटी २०२१च्या सप्टेंबरातल्या विंडोज अपडेटनंतर येऊ लागली. त्याआधी जुलैत विंडोजच्या स्पूलर सेवेत (छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागात) गंभीर सुरक्षा-दोष उघड झाले होते, त्यानंतर छपाईचे नियम कडक झाले. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद टाकून हा नियम बंद करता येतो आणि पुष्कळ जण तेच सुचवतात. मी ते केलं नाही. ज्या संगणकावर मुलांच्या घरांचे पत्ते आणि आधार क्रमांक आहेत, त्याचं कुलूप प्रिंटरसाठी काढायचं नाही.

प्र-१ला मागे नेटवर्क केबलचं भोक आहे, इतकी वर्षं कोणी वापरलं नव्हतं. राउटरपासून केबल ओढली, मॅक पत्त्यावर २०२ राखला, दोन्ही संगणकांवर तोच पत्ता दिला. आता शेअरिंगची गरजच राहिली नाही. मॅडमचा संगणक बंद असला तरी दुसरा छापतो.

दुपारी रांगेत एक काम "डिलीट होत आहे" म्हणत तासभर लटकलं. स्पूलर सेवा थांबवली, विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, तिथल्या फाइल काढल्या, सेवा परत सुरू केली. फोल्डर ठेवायचा, आतल्या फाइलच काढायच्या. आणि हे करण्याआधी खोलीत विचारायचं, कारण रांगेतली सगळ्यांचीच कामं जातात.

२० जुलै, शनिवार

आषाढी एकादशीची सुट्टी मध्ये आली, त्यामुळे चिपळूणचं पार्सल काल पोचलं. रोलर आणि पट्टी बसवली. नवा रोलर बोटाला धरतो, जुना शेजारी ठेवला तर आरशासारखा दिसतो. डब्यातल्या कागदाची शंभर पानं दिली, एकही जोडीने गेलं नाही.

डब्यातल्या उघड्या रीमची शंभर पानं काट्यावर : ४७५. बाहेर मुसळधार.

२७ जूननंतर रद्द झालेले दाखले दोन. एक अडकल्यामुळे, एक जन्मतारखेची चूक मॅडमच्या बोटाखाली सापडली म्हणून.

प्र-४ संगणक कक्षात मुलांच्या कामाला लागला. प्र-२च्या झेरॉक्सवर उभी बारीक रेघ येते, पण प्रिंटवर येत नाही. म्हणजे काचेवर, पान सरकतं त्या अरुंद पट्टीवर, काहीतरी चिकटलेलं असणार. सोमवारी बघतो.

वरच्या वाडीतल्या पालकांना परवाच फोन करून ठेवला होता. आज पहिल्या एसटीने आले. दाखला आधीच छापून, ताडून, सही-शिक्क्यासह लिफाफ्यात तयार होता. त्यांनी तो बाहेर काढला, मुलीचं नाव बोटाने वाचलं, मग पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवला. साडेनऊच्या परतीच्या गाडीने गेले.